घरच्या घरी गाडी : ऑटोमॅटिकचं तेल पहाटेच बदला

मागच्या भागात ब्रेक ऑईल झालं, आता गिअरबॉक्स आणि तोही ऑटोमॅटिक. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत या कामाची पहिली अडचण तेलाची नसते, जागेची असते. घराला घर लागलेलं, गाडी रस्त्यावर, आणि बॉनेट वर झालं की तालमीच्या कट्ट्यावरून चौघं उठून येणारच. "काय भावा, इंजिन खोललंस व्हय?" त्यांना उत्तरं देण्यातच अर्धा जीव जातो. शिवाय या कामाला जमीन सपाट लागते, कारण उतारावर उभ्या गाडीत तेलाची पातळी खोटी दिसते. म्हणून 'घरी' म्हणजे 'आपल्या हातानं' एवढाच अर्थ घ्या. बोळात जमत नसेल तर गावाकडच्या घरासमोरचा कोबा बघा, नाहीतर उद्यमनगरातल्या ओळखीच्या गॅरेजवाल्याचा रॅम्प सकाळी दोन तास मागून घ्या.

तेल आणायला जाण्याआधी आपला गिअरबॉक्स कुठल्या जातीचा ते बघा. क्लचचा पेडल नाही म्हणजे सगळ्या गाड्या आतून सारख्या, असं समजू नका. २०१४ साली सेलेरियो आली तेव्हापासून आपल्याकडे रस्त्यावर दिसणाऱ्या छोट्या 'ऑटो' गाड्यांपैकी पुष्कळ एएमटी आहेत. त्यांच्यात साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. त्यात लाल एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिकचं तेल, ओतायचा नसतो, साधं गिअर ऑईल लागतं. सीव्हीटीचं तर आणखी वेगळं. तिथे पोलादी पट्टा दोन पुलींच्या पकडीवर चालतो आणि ती पकड टिकवणारं खास सीव्हीटीचंच तेल लागतं. साधा एटीएफ गेला की पट्टा घसरायला लागतो आणि मग खर्च गिअरबॉक्सचाच. ड्युअल क्लचवाल्यांनी हा भाग नुसता वाचावा, हात लावू नये. उरतात ते टॉर्क कन्व्हर्टरवाले. पुढचं सगळं त्यांच्यासाठी.

एटीएफकडे कामं तरी किती! इंजिनाची ताकद ते गिअरबॉक्सपर्यंत पोचवतं, दाब देऊन आतल्या क्लच प्लेटा आवळतं, दातांना वंगण पुरवतं आणि वर उष्णताही वाहून नेतं. प्लेटा घसरू नयेत आणि गचका न देता बसाव्यात, अशी दुहेरी अट त्याच्यावर असते, म्हणून त्यात घर्षण सांभाळणारी रसायनं घालतात. जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स १९३९ मध्ये आला. पुढे कित्येक वर्षं घर्षण सांभाळायला एटीएफमध्ये चक्क स्पर्म व्हेलचं तेल घालत. १९७० च्या दशकात अमेरिकेत व्हेलच्या तेलावर बंदी आली आणि तेल कंपन्यांना नवी रसायनं शोधावी लागली. लाल रंग मात्र जुनाच आहे. गाडीखाली डाग पडला तर इंजिनचा की गिअरबॉक्सचा ते लगेच कळावं, एवढ्यासाठी तो घालतात.

हे तेल मरतं ते उष्णतेनं. किलोमीटरचा आकडा हा त्याचा फक्त अंदाज. तापमान दर दहा अंशांनी चढलं की ऑक्सिडेशनचा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो. आता कोल्हापूरकराची गाडी कुठं जाते ते आठवा. गगनबावड्याहून करूळ घाट उतरायचा, कोकणात दोन दिवस मासे खायचे आणि येताना पाच माणसं, डिकीभर सामान घेऊन तोच घाट चढायचा. नाहीतर फोंडा, नाहीतर आंबा. वळणावळणाच्या चढावर वेग कमी राहतो, कन्व्हर्टरमधला, इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा लॉकअप क्लच बसत नाही, सगळी ताकद तेलातूनच जाते आणि तेल घुसळून तापतं. पुण्याला हायवेनं जाणाऱ्या गाडीचे चाळीस हजार आणि दर महिन्याला घाट चढणाऱ्या गाडीचे चाळीस हजार हे एक नव्हेत.

काही गाड्यांच्या पुस्तकात हे तेल 'आयुष्यभर' पुरतं असं लिहिलेलं असतं. कोणाच्या आयुष्यभर, ते लिहिलेलं नसतं. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षं, यातलं जे आधी होईल तेव्हा तेल बदला म्हणते. माझं मत विचाराल तर घाटात फिरणाऱ्यानं पन्नास-साठ हजारांच्या पुढे थांबू नये.

आता काम. तेलाचा दर्जा गाडीच्या पुस्तकात जो छापला आहे तोच आणा. टोयोटाला डब्ल्यूएस असेल तर डब्ल्यूएस. 'सगळ्या गाड्यांना चालतं' असं डब्यावर लिहिलेलं तेल दुकानदार पुढे करेल, त्याला हात जोडा. सोबत ड्रेन बोल्टचं नवं वायसर, मोजपट्टीचं भांडं, लांब नळीचं नरसाळं आणि गाडीच्या ओबीडी सॉकेटला लावायचा टेस्टर. गाडी वर घ्यायची तर चारही बाजूंनी सारखी आणि जॅक स्टँडवर. नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, म्हणजे नाहीच.

गाडी पाच मिनिटं चालवून तेल कोमट करा, उकळतं नको. मग आधी भरायचा बोल्ट ढिला करून बघा. तो गंजून बसला असेल आणि तुम्ही खालचं सगळं तेल काढून मोकळे झाला असाल, तर गाडी जागची हलणार नाही. तो सुटला की मगच खालचा. निघालेलं तेल मोजून ठेवा, तेवढंच नवं आत जाणार आहे. रंग गडद तपकिरी असेल तर फार घाबरू नका, पण जळका वास आला तर कान टवकारा. चेंबर उतरवलं असेल तर आतल्या चुंबकावर करडा, मलमासारखा थर दिसेल. ती प्लेटांची आणि दातांची रोजची झीज, पुसून टाका. बोटाला टोचणारे कण मिळाले तर मात्र काम थांबवून मिस्त्रीला दाखवा.

खालच्या बोल्टनं सगळं तेल निघत नाही. कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांत बरंच राहतं, बहुतेक गाड्यांत निम्म्याहून जास्त. समजा एका वेळी चाळीस टक्के बदललं. मग जुनं साठ टक्के राहिलं, पुन्हा बदललं की छत्तीस, तिसऱ्यांदा बावीसच्या आत. म्हणून मधे हजारभर किलोमीटर गाडी चालवून दोन-तीनदा बदलणं बरं. मशिन लावून दाबानं फ्लश करण्यापेक्षा मला हा सावकाश मार्ग जास्त भरवशाचा वाटतो. 'तेल बदललं आणि गिअरबॉक्स गेला' असं कट्ट्यावर ऐकू येतं. त्यातले बरेचसे गिअरबॉक्स आधीच घसरत होते आणि मालकानं शेवटचा उपाय म्हणून तेल बदललं, एवढंच. झिजलेली प्लेट तेलानं भरून येत नाही.

नवं तेल भरलं की खरी परीक्षा पातळीची. पुष्कळ नव्या गाड्यांना गेज नसतं. खाली बोल्टच्या आत एक उभी नळी असते, तेल तिच्या तोंडाच्या वर असलं की बाहेर येतं. इंजिन चालू ठेवून, ब्रेकवर पाय दाबून, पी, आर, एन, डी असा लिव्हर सावकाश फिरवून परत पीवर आणायचा. मग टेस्टरवर तेलाचं तापमान बघायचं, कारण तेल तापलं की फुगतं. टोयोटाच्या डब्ल्यूएसवाल्या पुष्कळ गाड्यांना हा आकडा चाळीस अंशांच्या आसपास असतो, आपल्या गाडीचा पुस्तकात बघा. त्या तापमानाला खालचा बोल्ट काढला की तेलाची धार येते. ती बारीक होऊन थेंबांवर आली की बंद करायचं. आता सांगा, एप्रिलमध्ये दुपारी उन्हात उभ्या गाडीचं तेल इंजिन लावायच्या आधीच चाळिशीला टेकलेलं असतं. बोल्टपर्यंत हात पोचेतो आकडा पुढे निघून जातो. पहाटे केलंत तर दहा मिनिटं निवांत मिळतात. कट्टाही रिकामा असतो.

बोल्ट आवळताना टॉर्क पाना वापरा. शिरोली, गोकुळ शिरगावच्या बिडाच्या कास्टिंगवर बसलेल्या हाताला गिअरबॉक्सच्या ॲल्युमिनियमच्या घराची नजाकत पटकन उमगत नाही. जोर दिला की आटे गेलेच.

राहिलं निघालेलं काळं तेल. ते गटारात ओतू नका. शहरातले जयंती आणि दुधाळी नाले पंचगंगेला मिळतात आणि जळालेलं तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा आहे. ते नव्या तेलाच्या रिकाम्या डब्यात भरा, झाकण घट्ट लावा आणि जळकं तेल गोळा करणाऱ्या गॅरेजवर नेऊन द्या. पाणी किंवा कूलंट त्यात मिसळू नका, मग ते कोणी घेत नाही. पुढच्या आठवड्यात कूलंटच घेऊ. तोवर गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडू नका.