जुन्या बंदुका आणि नवी चांदमारी
लेखांक सातवा : हलक्या गोळीचे ओतकाम

गेल्या आठवड्यात आपण बंदुकीच्या नळीतील मळसूत्री आट्यांचा विचार केला. आज त्या आट्यांतून धावणाऱ्या गोळीकडे वळावयाचे आहे. आणि तेही सरकारी कारखान्यातून शिक्कामोर्तब होऊन कोठारात जमा झालेल्या गोळीकडे नव्हे, तर एखाद्या निवृत्त गृहस्थाने आपल्या घरामागच्या पडवीत शिसे वितळवून, साच्यात ओतून, एकेक न्याहाळून डबीत भरलेल्या हलक्या गोळीकडे. हा छंद मुख्यत्वे अमेरिकेतला. आपल्याकडे काडतूस तयार करणे १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये परवान्यावाचून करता येत नाही. सबब वाचकांनी हा लेख विद्या म्हणून वाचावा, कृती म्हणून नव्हे.

ली-एनफिल्ड बंदुकीच्या ०.३०३ इंची काडतुसातील ‘मार्क सात’ नमुन्याची गोळी १७४ ग्रेन वजनाची असे. ग्रेन हे विलायती माप ऐकून जे बिचकतात त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की इंग्रजी अमदानीतला सरकारी तोळा बरोबर १८० ग्रेनांचा होता. म्हणजे ही गोळी तोळ्याला जेमतेम तीन गुंजा कमी. ती नळीतून सेकंदाला २,४४० फुटांच्या वेगाने सुटे आणि हजार यार्डांपलीकडेही माणसाचा प्राण घेण्याइतके बळ तिच्यात शिल्लक राही. युद्धे संपली, पलटणींनी नवी शस्त्रे घेतली, जुन्या बंदुका लिलावात निघून सामान्य नागरिकांच्या हाती आल्या, आणि मग ज्यांना कोणाचाही प्राण घ्यावयाचा नव्हता, केवळ पन्नास-शंभर यार्डांवरच्या कागदाला नेमके भोक पाडावयाचे होते, त्यांच्यापुढे हा प्रश्न उभा राहिला की खांदा हादरविणारा आणि खिशाला भारी पडणारा हा सारा रणसरंजाम रविवारच्या चांदमारीसाठी कशाला वागवावा. त्याचे उत्तर म्हणजे सुमारे पावणेआठ मासे वजनाची, ११५ ग्रेनांच्या आसपासची, शिशाची आखूड गोळी आणि तिच्या मागे दारूचा बेताचा बार, की ज्यायोगे तिचा वेग ध्वनीच्या वेगाच्या थोडा अलीकडे-पलीकडे राहावा.

ही युक्ती मुळात पलटणींचीच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या सरहद्दीवरील ठाण्यांतून हिवाळ्यात बाहेरची चांदमारी बंद पडे, तेव्हा बराकीतल्या बराकीत शिपायांचा हात चालू राहावा म्हणून ०.४५ इंची स्प्रिंगफील्ड बंदुकीत गोल शिशाची गोळी आणि चिमूटभर दारू घालून सराव चालविण्याचा दस्तूर होता, आणि त्यासाठी साचे व हत्यारे ठाण्यांना पुरविली जात. इंग्रजांनी वेगळी तजवीज केली. मोठ्या नळीच्या आत लहान नळी बसवून, तिला शोधकाच्या नावाने ‘मॉरिस ट्यूब’ म्हणत, ते अल्प खर्चात काम भागवीत. परंतु ओतीव गोळीच्या विद्येला शास्त्राची शिस्त लावली ती कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवनच्या जॉन बार्लोने. त्याच्या ‘आयडियल’ नावाच्या कारखान्याचे साचे पुढे मार्लिनकडे आणि १९२५ मध्ये लायमनकडे गेले, आणि त्या परंपरेतील काही साचे आजही पडव्यांतून ओतकामाला लागतात. ११५ ग्रेनांचा जो साचा या कामासाठी फार लोकप्रिय झाला, तो मुळात १८८२ सालच्या ‘थर्टी-टू ट्वेंटी’ या लहानशा शिकारी काडतुसासाठी कोरलेला होता. लष्करी बंदुकीला तो लागू पडला हा निव्वळ योगायोग. पुष्कळ चांगल्या गोष्टींची वंशावळ अशीच आडमार्गाची निघते.

आखूड गोळी बंदुकीला मानवते कशी, याचा उलगडा वूलिच येथील लष्करी विद्यालयातील गणिताचे प्राध्यापक ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये मांडलेल्या सूत्रात आहे. गोळी जितकी लांब तितका तिला सरळ ठेवण्यासाठी पीळ अधिक लागतो. ग्रीनहिल यांच्या हिशेबाने दीडशे या अंकाला गोळीच्या लांबी-व्यासाच्या गुणोत्तराने भागले म्हणजे आट्याचा एक पूर्ण फेरा किती व्यासांत व्हावा हे कळते. ली-एनफिल्डचा आटा दहा इंचांत एक फेरा घेतो. तो व्यासाच्या साडेचारपट लांबीची गोळीसुद्धा सांभाळतो. आपली हलकी गोळी तर जेमतेम दुप्पट लांबीची. वेग निम्मा झाला तरी ती भोवऱ्यासारखी ताठ राहते. सेकंदाला १,२०० फुटांच्या वेगाने दहा इंची आट्यातून निघालेली गोळी मिनिटाला ८६,४०० गिरक्या घेते, आणि गंमत अशी की एका अहोरात्रात सेकंदही तितकेच असतात. पूर्ण बाराच्या गोळीच्या गिरक्या याच्या दुपटीहून अधिक. ओतीव गोळीच्या पोटात एखादा हवेचा बुडबुडा राहिला असेल, तर तिचा तोल एका अंगाला झुकतो, आणि त्या झुकाव्यातून उत्पन्न होणारी ओढ गिरक्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; म्हणजे गिरक्या निम्म्या झाल्या की ओढ चतुर्थांशावर येते. मंद गोळी आपल्या ओतणाऱ्याचे पुष्कळसे दोष पदराआड घेते.

आता धातूविषयी. निव्वळ शिसे ३२७ अंशांवर वितळते, पण ते इतके मऊ की आट्यांवर घासून नळीतच चढून बसते, आणि शिवाय साच्याच्या कोपऱ्याकानात नीट शिरत नाही. म्हणून त्यात कथील घालतात, त्याने रस पातळ होऊन साचा भरतो. आणि अँटिमनी घालतात, त्याने गोळी कठीण होते आणि थिजताना आक्रसणे कमी होते. हे मिश्रण मराठी वाचकाला अगदी परके वाटण्याचे कारण नाही. ज्या खिळ्यांनी जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यात पंचांगे आणि पोथ्या छापल्या गेल्या, ते खिळे याच तीन धातूंच्या मेळातले. अक्षराची वेलांटी साच्यात तुटू नये म्हणून जे गुण हवेत, तेच गोळीच्या कडेलाही हवेत. लायनोटाइप यंत्राचा धातू म्हणजे शेकडा ८४ भाग शिसे, १२ भाग अँटिमनी आणि ४ भाग कथील. तो २४० अंशांच्या सुमारासच वितळतो, म्हणजे निव्वळ शिशाच्याही कितीतरी आधी. न्यूयॉर्क टाइम्सने २ जुलै १९७८ चा अंक अखेरचा म्हणून तप्त धातूवर छापला. त्या सुमारास अमेरिकेतील छापखान्यांनी ही यंत्रे भराभर मोडीत काढली, आणि वर्षानुवर्षे बातम्यांचे रूप घेतलेला धातू भंगारवाल्यांच्या हातून गोळ्या ओतणाऱ्यांच्या कढयांत येऊन पडला. मात्र हलक्या, मंद गोळीला इतका कठीण धातू लागत नाही. मोटारीच्या चाकांचा तोल साधण्यासाठी जी शिशाची वजने लावीत, तीच या कामाला सोयीची. अलीकडे ती वजने जस्ताची किंवा लोखंडाची येऊ लागली आहेत, आणि कढईत जस्ताचा एक तुकडा चुकून पडला तरी रस दह्यासारखा गोळा होऊन सारा घाणा वाया जातो.

ओतकाम पाहताना मला आपल्याकडच्या कल्हईवाल्याची आठवण झाल्याखेरीज राहत नाही. तो नवसागराची चिमूट टाकून धूर काढतो, गोळ्या ओतणारा मेणाचा तुकडा टाकून काढतो. मेणातला कोळसा जळून वर आलेल्या मळीतला प्राणवायू शोषून घेतो आणि कथील पुन्हा रसात उतरते. साचा थंड असेल तर पहिल्या गोळ्या सुरकुतलेल्या निघतात, त्या निमूटपणे कढईत परत टाकावयाच्या. फार तापला तर गोळीवर दवासारखा पांढुरका थर दिसतो, त्याने विशेष बिघडत नाही. खरे जपावयाचे ते बुडाला. मॅसॅच्युसेट्समधील फ्रँकलिन मान या वैद्याने सिमेंटच्या अढळ ओट्यावर नळी बसवून, गोळ्यांना मुद्दाम इजा करून, वर्षानुवर्षे बार काढून पाहिले आणि १९०९ मध्ये ग्रंथरूपाने सांगितले की नाकावरचा ओरखडा गोळी सोसते, पण बुडाची कड जराशी तुटली की नळीच्या तोंडाशी वायू एका बाजूने आधी सुटतो आणि नेम बिघडतो. म्हणून जाणकार गोळी उचलतो ती उलटी धरून. आणि या सर्व खटाटोपात पाण्याचा एक थेंब जरी वितळलेल्या शिशात पडला तरी वाफेचा स्फोट होऊन रस छतापर्यंत उडतो. तसेच शिसे विषारी, हात धुतल्याखेरीज भाकरीला शिवता कामा नये.

जुन्या लष्करी नळ्यांचा मोठा दोष म्हणजे त्यांचे माप भरवशाचे नसते. नावाला ०.३०३ इंची, पण खाचांच्या तळाशी मोजले तर कोठे ०.३११, कोठे ०.३१४, कारण लढाईच्या धांदलीत कारखान्यांना तेवढी सवलत द्यावी लागली, आणि पुढे हजारो बारांनी नळीचे तोंड झिजले ते निराळेच. यावर उपाय जुनाच : मऊ शिशाचा गोळा नळीतून हलके हलके ठोकून पार काढावा, त्यावर उमटलेले माप घ्यावे आणि गोळी त्याहून केसभर जाड ठेवावी. जी गोळी नळीला सैल बसते तिच्या अंगावरून वायू निसटतो, शिसे वितळून आट्यांवर चढते, आणि मग मालक महागड्या दारूला दोष देत बसतो. आमच्या मते या साऱ्या विद्येत खरे मर्म एवढेच आहे; मिश्रधातूंच्या वादात लोक व्यर्थ रात्री जागवितात.

नळीला वंगण म्हणून गोळीच्या खोबणीत मेण आणि चरबी किंवा तेल यांचे मिश्रण भरतात. या साध्या जिनसेने आपल्या देशात केवढा वणवा पेटविला, हे १८५७ च्या जानेवारीत दमदमच्या छावणीतून उठलेल्या काडतुसांच्या वार्तेवरून सर्वश्रुत आहे. वरसईच्या विष्णुभट गोडशांच्या प्रवासवर्णनातही त्या काडतुसांची कथा आली आहे. आजचा छांदिष्ट मधाच्या पोळ्याचे मेण वापरून निश्चिंत असतो.

निश्चिंत असू नये ते बाराविषयी. मोठ्या काडतुसाच्या पोकळीत थोडी दारू तळाशी पसरून राहते, तिची दुप्पट पडली तरी डोळ्याला कळत नाही. आणि फार थोडी पडली तर गोळी नळीतच अडकते, ते न कळून दुसरा बार काढणाऱ्याची नळी फुटते. यास्तव प्रत्येक काडतुसात दिव्याच्या उजेडाने डोकावून पाहिल्याखेरीज गोळी बसवीत नाहीत, आणि आवाज फुसका आला तर नळीतून गज घालून पाहिल्यावाचून पुढचा बार काढीत नाहीत.

राहता राहिली माशी, म्हणजे नळीवरचे नेम धरण्याचे साधन. जर्मन माउझर ९८ च्या १९०५ नंतरच्या दृष्टिपट्टीवर सर्वांत खालची खूण चारशे मीटरची, अमेरिकन स्प्रिंगफील्डची युद्धमाशी ५४७ यार्डांना बांधलेली. पूर्ण बाराने शंभर यार्डांवर नेम धरला तर गोळी वीतभराहूनही वर लागते, आणि नवशिका कागदाच्या खालच्या कडेवर नेम धरून वरच्या वर्तुळाची आशा करीत बसतो. हलक्या गोळीने हा पेच पुष्कळसा आपोआप सुटतो. ती मंद असल्याने तेवढ्याच अंतरात अधिक खाली येते, आणि लढाईसाठी उंच बांधलेली माशी तिला बव्हंशी बेतशीर होते. अमेरिकेत १९७६ मध्ये ओतीव गोळीवाल्यांची जी संघटना स्थापन झाली, तिच्या सामन्यांत जुन्या लष्करी बंदुकांचा स्वतंत्र वर्ग आहे. त्या सामन्यांत गोळ्यांचे पुंजके कसे मोजतात आणि पाच बारांचा पुंजका दहा बारांइतका भरवशाचा का नसतो, हा पुढील लेखांकाचा विषय.