खेळ चांगला आहे, असे कोण म्हणते?

व्हिडिओ गेम म्हणजे पडद्यावरचा खेळ. तो संगणकावर खेळता येतो, टीव्हीला जोडलेल्या यंत्रावर खेळता येतो आणि मोबाइल फोनवर तर तो आता घरोघरी पोहोचला आहे. काही खेळ फुकट मिळतात. काहींची किंमत हजारो रुपये असते. एखाद्या मुलाने ईदीचे आणि खाऊचे पैसे साठवून असा खेळ विकत घेतला आणि तो नीट चाललाच नाही, तर? आंबा घेताना आपण तो हातात घेतो, वास घेतो, मग पैसे देतो. खेळाचे तसे नसते. तो बहुधा पैसे दिल्यावरच उघडतो. म्हणून आपण आधी दुसऱ्याला विचारतो, "कसा आहे रे तो खेळ?"

या प्रश्नाच्या सविस्तर उत्तराला मराठीत 'परीक्षण' म्हणतात. उर्दूत आपण त्यालाच तबसिरा म्हणतो. पुस्तकाचे परीक्षण असते, चित्रपटाचे असते, तसेच खेळाचेही असते. जो ते लिहितो किंवा बोलून दाखवतो, तो परीक्षक. आता अडचण अशी, की परीक्षक हजारो आहेत आणि त्यांची मते एकमेकांशी जुळत नाहीत. मग विश्वास कोणावर ठेवायचा?

एक खरी घडलेली गोष्ट पाहू. पोलंड देशाच्या वॉर्सा शहरात 'सीडी प्रोजेक्ट रेड' नावाची कंपनी आहे. तिचा 'विचर ३' हा खेळ २०१५ साली जगभर गाजला होता. त्यामुळे तिच्या 'सायबरपंक २०७७' या पुढच्या खेळाची लोक कित्येक वर्षे वाट पाहत होते. तो १० डिसेंबर २०२० रोजी विक्रीस आला. त्याच्या तीन दिवस आधी परीक्षणे प्रसिद्ध झाली. बहुतेकांनी खेळाची स्तुती केली. 'मेटाक्रिटिक' नावाचे एक संकेतस्थळ निरनिराळ्या परीक्षणांचे गुण एकत्र करून सरासरी काढते. तेथे या खेळाला १०० पैकी सुमारे ९० गुण दिसत होते. लोकांनी भराभर पैसे भरले.

खेळ घरी आला आणि निम्मे लोक खूश, तर निम्मे संतापलेले, असा प्रकार झाला. ज्यांच्याकडे भारी संगणक होता, त्यांचे ठीक चालले. पण ज्यांच्याकडे 'प्लेस्टेशन ४' किंवा 'एक्सबॉक्स वन' ही २०१३ सालची यंत्रे होती, त्यांच्या पडद्यावर चित्रे पुसट दिसत, माणसे मधेच नाहीशी होत आणि खेळ एकाएकी बंद पडे. प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनी कंपनीने आठवडाभरात हा खेळ आपल्या दुकानातून काढून टाकला आणि लोकांना पैसे परत देऊ केले. तो पुन्हा त्या दुकानात यायला जून २०२१ उजाडला.

मग परीक्षक खोटे बोलले होते काय? नाही. कंपनीने त्यांना विक्रीपूर्वी जी प्रत दिली, ती फक्त संगणकाची होती. जुन्या यंत्रांवरची प्रत दिलीच नव्हती. शिवाय स्वतः खेळताना टिपलेली दृश्ये सुरुवातीला दाखवू नयेत, कंपनीने दिलेलीच दाखवावीत, अशी अट होती. काही परीक्षकांनी या गोष्टी आपल्या परीक्षणात लिहिल्याही होत्या. पण गुणांचा आकडा पाहून पुढे जाणाऱ्याला त्या ओळी कशा दिसणार?

म्हणून परीक्षण हाती आले, की आधी शोधा : याने खेळ कोणत्या यंत्रावर खेळला? ते यंत्र माझ्या घरी आहे काय? तुमच्या मोठ्या भावाचा फोन साधा असेल आणि परीक्षकाचा फोन त्याच्या दहापट किमतीचा असेल, तर दोघांचा खेळ एक नाही, असेच समजा. आणि खेळ विक्रीस येईपर्यंत एकही परीक्षण बाहेर आले नसेल, तर घाई कशाला? चार दिवस थांबल्याने खेळ काही शिळा होत नाही.

आता पैशांविषयी. परीक्षण वेगळे आणि जाहिरात, म्हणजे इश्तिहार, वेगळी. दोन्ही एकच कपडे घालून आल्या, की ओळखणे कठीण जाते. अमेरिकेत २०१४ साली 'शॅडो ऑफ मॉर्डोर' नावाचा खेळ आला. तो काढणाऱ्या वॉर्नर ब्रदर्स कंपनीने यूट्यूबवरील नावाजलेल्या खेळाडूंना पैसे दिले. कोणाला काहीशे डॉलर, तर कोणाला हजारो. अट अशी, की चित्रफितीत खेळाबद्दल चांगलेच बोलावे आणि त्यातले दोष दाखवू नयेत. पैसे घेतल्याची सूचना होती. पण ती पुष्कळदा चित्रफितीखालच्या मजकुरात, 'आणखी दाखवा' असे दाबल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी होती. लाखो लोकांनी त्या चित्रफिती पाहिल्या. अमेरिकी सरकारच्या व्यापार आयोगाने २०१६ साली हे प्रकरण उघड केले आणि पुढे असे करणार नाही, अशी हमी कंपनीकडून घेतली. आपल्या देशातही केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये सूचना काढल्या आहेत. पैसे, भेटवस्तू किंवा फुकट सहल घेऊन कोणी वस्तूची शिफारस करत असेल, तर त्याने ते स्पष्ट आणि सहज दिसेल असे सांगितले पाहिजे. तेव्हा चित्रफितीच्या कोपऱ्यात 'जाहिरात', 'प्रायोजित' किंवा 'सशुल्क भागीदारी' असा शब्द आहे काय, ते पाहण्याची सवय ठेवा.

पण याचा अर्थ असा नव्हे, की ज्याला खेळाची प्रत फुकट मिळाली तो बेइमानच. पुस्तकाचे परीक्षण लिहिणाऱ्यालाही प्रकाशक पुस्तक पाठवतोच. प्रत घेऊनही खरे लिहिणारे आहेत आणि त्याची किंमत मोजणारेही आहेत. अमेरिकेतील 'गेमस्पॉट' या संकेतस्थळावर जेफ गर्स्टमन हे परीक्षक होते. २००७ साली त्यांनी 'केन अँड लिंच' या खेळाला १० पैकी ६ गुण दिले. त्याच खेळाची मोठी जाहिरात त्यांच्या संकेतस्थळावर झळकत होती. थोड्याच दिवसांत त्यांची नोकरी गेली. जाहिरातदारांच्या दबावापुढे वरिष्ठ झुकले, असे त्यांनी २०१२ मध्ये जाहीरपणे सांगितले. पुढे त्यांनी सहकाऱ्यांबरोबर नवे संकेतस्थळ काढले. त्यांची आवड ओळखणारे वाचक त्यांच्यामागून तेथे गेले.

गुणांच्या आकड्याचे आणखी एक बघा. जपानमध्ये 'फामित्सू' नावाचे नियतकालिक १९८६ पासून निघते. तेथे एका खेळाला चार परीक्षक प्रत्येकी १० पैकी गुण देतात आणि बेरीज ४० पैकी छापतात. पूर्ण ४० गुण पहिल्यांदा १९९८ साली 'झेल्डा' मालिकेतील 'ओकारिना ऑफ टाइम' या खेळाला मिळाले. ही पद्धत मला आवडते, कारण चौघांचे गुण वेगवेगळे दिसतात. समजा, एका खेळाला ८, ८, ८, ८ मिळाले आणि दुसऱ्याला १०, १०, ९, ३. बेरीज दोन्हींची ३२. पण दुसऱ्या खेळात असे काहीतरी आहे, जे तिघांना फार भावले आणि एकाला मुळीच सोसले नाही. ते काय आहे, हे त्या चौथ्याच्या परीक्षणातच सापडेल. माझ्या मते तेच आधी वाचावे.

तुम्ही म्हणाल, "परीक्षक कशाला हवेत? हजारो सामान्य लोकांनी दिलेले तारे आहेत की!" गर्दीचे मतही उपयोगी असते, पण गर्दी कधी कधी रागावलेली असते. 'द लास्ट ऑफ अस' या खेळाचा दुसरा भाग १९ जून २०२० रोजी आला. तो पुरा करायला साधारण २५ तास लागतात. तरी पहिल्या काही तासांतच मेटाक्रिटिकवर हजारो लोकांनी त्याला शून्याच्या आसपास गुण देऊन टाकले. कथेची काही माहिती आधीच फुटली होती आणि तिच्यावरून लोक चिडले होते. त्यानंतर मेटाक्रिटिकने नियम केला, की नवा खेळ आल्यावर ३६ तास सामान्य खेळाडूंची मते घ्यायचीच नाहीत. 'स्टीम' या संगणक खेळांच्या दुकानात मात्र प्रत्येक मताशेजारी त्या माणसाने किती तास खेळ खेळला, ते लिहिलेले असते. अर्ध्या तासात झालेले मत आणि साठ तासांनंतरचे मत यांचे वजन आपण सारखे कसे धरणार? फोनवरील खेळांत तर आणखी एक युक्ती असते. तुम्ही एखादी पातळी जिंकून आनंदात असता, नेमक्या त्याच क्षणी 'आम्हांला तारे द्या' अशी चौकट समोर येते. हरल्यावर ती क्वचितच येते. म्हणून तेथे पाच तारेवाल्यांपेक्षा दोन-तीन तारे देणाऱ्यांचे म्हणणे मी आधी वाचतो. त्यांनी निदान काहीतरी तोलून पाहिलेले असते.

एवढे करूनही एक गोष्ट उरते, ती म्हणजे आवड. माझ्या वर्गातील एका मुलाला क्रिकेटचे खेळ प्रिय आहेत आणि त्याच्या शेजारी बसणाऱ्याला कोडी. दोघेही खरे बोलतात, पण एकाची शिफारस दुसऱ्याच्या कामाची नाही. आपल्या आवडीचा परीक्षक शोधण्याची एक सोपी रीत आहे. जो खेळ तुम्ही स्वतः भरपूर खेळला आहात, त्याचे त्या परीक्षकाने केलेले परीक्षण काढा. तुम्हांला जे आवडले ते त्याच्या नजरेत आले काय? जे खटकले ते त्याने सांगितले काय? असे तीन-चार खेळांचे करून पाहा. गंमत म्हणजे ज्याचे मत नेहमी तुमच्या उलट पडते, तोही उपयोगी ठरतो. "हा खेळ फार अवघड आहे, एकाच टप्प्यावर दोन तास गेले," अशी तक्रार त्याने केली आणि तुम्हांला अवघड खेळच आवडत असतील, तर त्याच्या तक्रारीतच तुमचे उत्तर मिळते.

परीक्षणाखालची तारीखही पाहत जा. छापलेले पुस्तक बदलत नाही; खेळ मात्र विकल्यानंतरही दुरुस्त होत राहतो. 'सायबरपंक २०७७' वर कंपनीने पुढे जवळजवळ तीन वर्षे काम केले. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याची '२.०' ही सुधारित आवृत्ती आली आणि पूर्वी नावे ठेवणाऱ्या पुष्कळांनी तिची स्तुती केली. ती स्तुती खरी होती. पण ही आवृत्ती संगणकासाठी आणि नव्या यंत्रांसाठीच होती. 'प्लेस्टेशन ४' आणि 'एक्सबॉक्स वन' यांच्यासाठी ती निघालीच नाही. त्यामुळे २०२३ मधील स्तुती वाचून कोणी आपल्या जुन्या यंत्रासाठी तो खेळ घेतला, तर त्याला मिळेल तो खेळ त्या परीक्षकाने खेळलेला नसेल.