२०.०४ हा आकडा कसा वाचायचा

७ डिसेंबर २०२४. ब्रिस्बेनमध्ये ऑस्ट्रेलियातल्या शाळांची राष्ट्रीय अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा चालू होती. मुलांची २०० मीटरची अंतिम शर्यत. वळण संपवून मुलं सरळ मार्गाला लागली तेव्हा एक उंच, सडपातळ मुलगा पुढे होता, आणि तिथून प्रत्येक पावलागणिक बाकीचे मागे पडत गेले. घड्याळ थांबलं २०.०४ सेकंदांवर. मुलाचं नाव गाउट गाउट. आईवडील दक्षिण सुदानमधून आलेले, शाळा इप्सविच ग्रामर, वय सोळा. सतरावा वाढदिवस अजून तीन आठवडे लांब होता.

त्या दिवशी मोडला तो शालेय नव्हे, ऑस्ट्रेलियाचा खुला राष्ट्रीय विक्रम. १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये पीटर नॉर्मनने २०.०६ची वेळ दिली होती. पदक देताना टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी काळ्या हातमोज्यांच्या मुठी उंचावल्या, त्या छायाचित्रात दुसऱ्या क्रमांकाच्या पायरीवर उभा असलेला गोरा धावपटू म्हणजे नॉर्मन. त्याचा विक्रम ५६ वर्षं टिकला आणि एका शाळकरी पोराने मोडला. आपल्या अनिमेष कुजूरने मे २०२५ मध्ये आशियाई स्पर्धेत २०.३२ची वेळ देऊन भारताचा राष्ट्रीय विक्रम केला, हे शेजारी ठेवलं की २०.०४ म्हणजे काय ते अंगावर येतं.

पण असा आकडा नुसता ऐकून सोडून देऊ नये. तो उलगडून बघावा लागतो, आणि त्याची सुरुवात वाऱ्यापासून होते.

ट्रॅकच्या कडेला, अंतिम रेषेच्या अलीकडे ५० मीटरवर, कमरेच्या जरा वर येईल अशा १.२२ मीटर उंचीवर वारा मोजण्याचं यंत्र असतं. २०० मीटरच्या शर्यतीत पहिला धावपटू सरळ मार्गाला लागला की ते दहा सेकंद वारा मोजतं. पाठीमागून येणारा वारा सेकंदाला २ मीटरपर्यंत असेल तरच वेळ विक्रमासाठी धरतात. १०० मीटरमध्ये एवढा वारा साधारण एक दशांश सेकंद वाचवतो. आदल्याच दिवशी गाउटने १०० मीटरच्या प्राथमिक फेरीत १०.०४ची वेळ दिली होती आणि जगभर बातम्या झाल्या, पण वारा होता ३.४. अंतिम फेरीत वारा ०.९ होता आणि वेळ आली १०.१७. त्याचं खरं माप ही दुसरी वेळ. २०.०४च्या शर्यतीत वारा १.५ होता, म्हणजे साथ मिळाली, पण नियमात राहून. शिवाय मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सव्वादोन किलोमीटर उंचावर आहे. तिथल्या विरळ, कमी अडवणाऱ्या हवेत नॉर्मन धावला होता. ब्रिस्बेन समुद्राकाठचं शहर आहे.

घड्याळाचंही तसंच. तालुक्याच्या शालेय स्पर्धेत स्टॉपवॉच घेऊन उभं राहिलेल्यांना हे ठाऊक असेल. पिस्तुलाचा आवाज नव्हे, धूर बघून बटण दाबा, असं बजावलेलं असतं, तरी अंगठा उशिराच दबतो. शर्यत संपताना मात्र रेषा समोर दिसत असते आणि बटण वेळेवर दबतं. म्हणून हाताने घेतलेली वेळ सहसा खऱ्यापेक्षा कमी निघते, आणि इलेक्ट्रॉनिक वेळेशी ताडून बघताना तीत ०.२४ सेकंद मिळवायचा संकेत आहे. गावाकडचा पोरगा ‘अकरा सेकंदात’ धावला असं कुणी सांगितलं तर आधी कुठल्या घड्याळावर, ते विचारावं.

आता खुद्द धावणं. २०० मीटरची निम्म्याहून जास्त शर्यत वळणावर होते. तिथे पायातला थोडा जोर पुढे जाण्यात न लागता वळण्यातच खर्ची पडतो. अंग डावीकडे कलतं आणि आतल्या पायावर ताण येतो. उंच मुलांना हे जड जातं. गाउटची सुरुवातही फार स्फोटक नाही. ब्लॉकमधून सुटल्यावर पहिल्या आठदहा पावलांत इतर मुलं त्याच्या बरोबरीने असतात, कधी पुढेही असतात. त्याची शर्यत वळण सुटल्यावर सुरू होते.

बघणाऱ्याला वाटतं, याने शेवटी वेग वाढवला. तसं होत नाही. शेवटच्या टप्प्यात वेग कुणाचाच वाढत नाही. उसेन बोल्टच्या २००९ मधल्या ९.५८च्या शर्यतीत ६० ते ८० मीटर हा टप्पा १.६१ सेकंदांत झाला आणि शेवटचे २० मीटर १.६६ सेकंदांत. इतिहासातला सर्वांत वेगवान माणूससुद्धा शेवटी मंदावतच होता, फक्त इतरांपेक्षा कमी. गाउट सुसाट सुटल्यासारखा दिसतो, कारण त्याचा वेग टिकलेला असतो आणि शेजारच्यांचा ओसरलेला असतो.

माझ्या मते होतकरूपणा ओळखायची जागा हीच. सुरुवात ही बरीचशी ताकदीची गोष्ट आहे. वाकलेल्या स्थितीतून सगळं वजन ढकलून उठायचं असतं, आणि ती ताकद वयाबरोबर आणि वजनांच्या व्यायामाने पुढच्या पाचसात वर्षांत येते. कमाल वेगाचं गणित वेगळं आहे. त्या वेगात पाऊल जमिनीवर जेमतेम एक दशांश सेकंद टेकतं, आणि तेवढ्यात शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट जोर जमिनीत उतरवावा लागतो. वेगवान धावपटू पाय हवेत फार भरभर हलवतात म्हणून पुढे जात नाहीत. पाऊल टेकलेल्या त्या क्षणात ते जमिनीला इतरांपेक्षा जास्त जोराने मारतात. घोटा ताठ, पाऊल शरीराच्या खालीच पडलेलं, खांदे मोकळे: हे ज्याला सोळाव्या वर्षी आपसूक जमतं, त्याला सुरुवात शिकवता येते. उलट क्रमाने शिकवणं फार अवघड.

मात्र एक प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये: हा मुलगा किती वाढून झालाय? एकाच इयत्तेतल्या दोन मुलांच्या शरीरात दोनतीन वर्षांचा फरक असू शकतो. ज्याला मिसरूड लवकर फुटली तो चौदाव्या वर्षी सगळ्यांना मागे टाकतो आणि विसाव्या वर्षी तेच सगळे त्याला गाठतात. (आपल्याकडे वयचोरी ही आणखी वेगळी कीड. दाखल्यावरचं वय खोटं असेल तर आकड्याला काही अर्थच उरत नाही, आणि खऱ्या वयाचं पोर हिरमुसून खेळ सोडतं.) शिवाय वाढीच्या वयात हाडं आधी लांबतात, स्नायू मागून येतात. मांडीमागचा स्नायू बैठकीच्या हाडाला जिथे जोडलेला असतो, तो भाग या वयात पुरता पक्का झालेला नसतो. जोरात ताण बसला तर स्नायू फाटण्याऐवजी हाडाचा तुकडाच निघतो. म्हणून शहाणा प्रशिक्षक पोराला हवं तेवढं धावू देत नाही. गाउटला शाळेतच हेरणाऱ्या डाय शेपर्ड त्याला अजून घडवताहेत. प्रशिक्षक न बदलणं हीसुद्धा जपणूकच आहे.

जपणूक का लागते, त्यासाठी बोल्टचंच उदाहरण घ्या. त्याने २००२ मध्ये पंधराव्या वर्षी किंग्स्टनला २०.६१ धावून जागतिक ज्युनियर विजेतेपद मिळवलं. एप्रिल २००४ मध्ये, सतराव्या वर्षी, १९.९३. त्याच वर्षी अथेन्स ऑलिंपिकमध्ये तो पायाच्या दुखापतीसह धावला आणि २१.०५ची वेळ देऊन पहिल्याच फेरीत बाहेर पडला. पाठीचा कणा जन्मतः वाकडा, त्यामुळे मांडीचे स्नायू सारखे दुखावायचे. मग ग्लेन मिल्स प्रशिक्षक झाले, पाठपोटाचे स्नायू बळकट करण्यावर काही वर्षं गेली, आणि २००८ मध्ये बीजिंग उजाडलं. मधल्या काळात काही लोक त्याला वाया गेलेला मुलगा म्हणत होते.

गाउटचं पुढचं वर्षही असंच वाचायला हवं. एप्रिल २०२५ मध्ये पर्थला १९.८४, पण वारा २.२, म्हणजे नियमाच्या काठावरून ०.२ पलीकडे, वेळ बाद. जूनमध्ये ऑस्ट्राव्हाला २०.०२, नवा राष्ट्रीय विक्रम. सप्टेंबरमध्ये टोकियोत जागतिक स्पर्धा. पहिली फेरी २०.२३, उपांत्य फेरी २०.३६, चौथा क्रमांक, अंतिम फेरी हुकली. त्याच्या पुढे होते ते पूर्ण वाढ झालेले पुरुष, वर्षभर फक्त धावण्याचंच काम करणारे. तो सतरा वर्षांचा होता, आणि घरी परतल्यावर बारावीचं वर्ष अजून संपायचं होतं.