लाळ-खुरकत : विषाणू एक, प्रकार सात

गोठेवाले बंधूंनो, "मागल्या साली म्हशीला लाळ-खुरकत येऊन गेली, आता लस कशाला?" हा सवाल जोगेश्वरी-गोरेगावकडच्या तबेल्यांत हमखास निघतो. त्याचे उत्तर विषाणूच्या घडणीत आहे.

हा विषाणू पिकॉर्ना कुळातला. 'पिको' म्हणजे इवलासा, पुढे 'आर.एन.ए.'. माणसाच्या पोलिओचा विषाणू याचाच भाऊबंद. एका मिलिमीटरात असे ३० हजारांवर ओळीने मावतील! आत आर.एन.ए.चा एकच धागा, बाहेर प्रथिनांचे कवच. धाग्याची नक्कल होताना चुका होतात, त्या दुरुस्त होत नाहीत. म्हणून कवच बदलत राहते. त्यातून ७ प्रकार झाले. आपल्याकडे ओ, ए आणि आशिया-१ हे तीन. 'सी' तर २००४ नंतर जगात कुठे आढळलेला नाही. उरलेले तीन मूळचे आफ्रिकेतले. एकदा 'ओ' येऊन गेला म्हणून जनावर 'ए'पासून वाचत नाही. लशीत आपले तिन्ही असतात, पण तिचा जोर साधारण सहा महिने. मग पुन्हा टोचायची.

या कवचावर चरबीचे वेष्टन नाही, त्यामुळे नुसत्या साबणाला तो दाद देत नाही. आंबट आणि खार मात्र त्याला सोसत नाही. १० लिटर पाण्यात ४०० ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून गव्हाण, जमीन, बादल्या धुवा. शेण आधी खरवडून काढा, नाहीतर सोडा वाया जाईल.

मेहसाण्याहून आणा की हरियाणातून, नवी म्हैस तीन आठवडे वेगळी बांधा. तिची धार शेवटी काढा, आणि लशीची तारीख कानातल्या बिल्ल्याच्या नंबरासकट वहीत लिहा.