गोधडीने गाडी थांबत नाही

डोंबिवलीत आवाज रेकॉर्ड करायचा तर आधी लोकलशी जमवून घ्यावं लागतं. मी घरोघरी जाऊन आज्यांकडून जात्यावरच्या ओव्या, लग्नातली गाणी टिपून घेते. रुळांलगतच्या घरात हमखास ऐकायला मिळतं, "ताई, भिंतीला अंड्यांचे ट्रे लावलेत, आता बाहेरचं काही येणार नाही." येतं. सगळं येतं.

फोम आणि गोधडीचं काम निराळं. बोलणं भिंतींवर आपटून पुन्हा माइकमध्ये शिरतं. ते घुमणं गोधडी शोषून घेते. (ट्रे तेही धड करत नाहीत.) बाहेरची गाडी अडवायला जड भिंत लागते, आणि फट अजिबात चालत नाही. हवा शिरेल तिथून आवाज शिरतो. म्हणून मी आधी सरकत्या खिडकीच्या फटीत जुन्या साडीची सुरळी कोंबते, दाराखाली सतरंजी सारते. तरी मालगाडीची घरघर जमिनीतून टेबलावर चढतेच. तिच्यासाठी स्टँडखाली चादरीची जाड घडी, आणि रेकॉर्डरवर ८० हर्ट्झच्या खालचं कापणारं बटण. आजींचा आवाज त्याच्या बराच वर असतो, त्याला धक्का लागत नाही.

पण खरा फरक पडतो तो अंतराने. माइक तोंडापासून दोन फुटांवर होता, तो एका फुटावर आणला की आजींचा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. गाडीचा आहे तेवढाच राहतो. माइक एकाच बाजूने नीट ऐकणारा असेल तर त्याची पाठ खिडकीकडे करायची. पंखा बंद, फ्रीज बंद. माझ्या घराची किल्ली मी त्या फ्रीजमध्येच ठेवते, म्हणजे निघताना तो पुन्हा चालू करायचा राहत नाही.

नको असलेला आवाज अडवावा लागतो तसा नको असलेला उजेडही. पण उजेड त्या मानाने शहाणा, त्याची सावली दिसते. ठाण्याच्या खाडीवर संध्याकाळी कॅमेऱ्यात फ्लेमिंगो टिपताना सूर्य चौकटीबाहेर असला, तरी त्याची तिरीप भिंगावर पडते, आतल्या काचांमधून फिरते आणि चित्र दुधाळ होतं. भिंगावर हाताची सावली धरून पाहा. काळा रंग गडद झाला, की हूड हवाच. शूटिंगवाले यासाठी चौकटीवर ताणलेलं काळं कापड लावतात, त्याला कटर म्हणतात. मात्र सूर्यच चौकटीत असेल तर हूड किंवा कटर काही करू शकत नाही.

आपल्या पहिल्या बोलपटालाही रुळांचाच त्रास झाला. १९३१ च्या 'आलम आरा'साठी अर्देशिर इराणींचा मुंबईतला स्टुडिओ रुळांजवळ होता. बरंचसं चित्रीकरण गाड्या थांबल्यावर, रात्री उशिरा करावं लागलं. आजींना मी रात्री एक वाजता गायला बसवणार नाही. नंतर सॉफ्टवेअरने गाडी पुसता येते, हे खरं. पण जास्त पुसलं की 'स', 'श' बोथट होतात, दोन ओळींमधला श्वासही जातो, आणि तो श्वास मला हवा असतो. गाडी आली की मी हात वर करते. ती गेली की आजी तीच ओवी पहिल्यापासून म्हणतात, आणि पुष्कळदा दुसऱ्या खेपेला एखादी विसरलेली ओळ आठवते.