बारा किलोमीटर चाललेलं चर्च

लाइपझिगच्या दक्षिणेला बोर्ना नावाचं छोटं शहर आहे. तिथल्या सेंट मेरी चर्चमध्ये हान्स विटेन या शिल्पकारानं घडवलेली 1511 सालची लाकडी वेदी आहे. तिच्यावर लेख लिहायचा असं संपादकांशी ठरवून मी गेलो होतो. वेदी सुंदरच आहे. पण मार्टिन लुथर चौकात शिरलो आणि माझी नजर मोठ्या चर्चच्या बाजूला उभ्या असलेल्या दुसऱ्या, धाकट्या चर्चवर अडकली. ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती, उभट छप्पर, त्यावर लहानसा मनोरा. हे बांधकाम शहरातलं नाही, हे कुणी न सांगताही कळतं. 2007 पर्यंत ते इथून 12 किलोमीटरवरच्या होयर्सडॉर्फ गावात उभं होतं. आता ते गाव नाही.

होयर्सडॉर्फचा जुन्या कागदपत्रांतला पहिला उल्लेख 1297 सालचा. पुढची सात शतकं इतर कुठल्याही सॅक्सन खेड्यासारखी गेली: शेती, चर्च, लग्नं, दफनं. गावात चर्च दोन होती. मूळ वस्तीतलं एमाउस आणि ग्रोसहेर्म्सडॉर्फ या भागातलं ताबोर. एमाउस म्हणजे मराठी बायबलातलं अम्माऊस. येशूच्या मृत्यूनंतर दोन शिष्य यरुशलेमेहून ज्या गावाकडे चालत निघाले, ते गाव. वाटेत त्यांना पुनरुत्थित येशू भेटतो आणि त्यांना तो ओळखू येत नाही. ज्या चर्चच्या वाट्याला पुढे चालणंच आलं, त्याचं नाव हे असावं याचा विचार माझ्या मनातून दिवसभर जाईना.

गावाचा घात त्याच्या जमिनीखालच्या लिग्नाइटनं, तपकिरी कोळशानं केला. हा कोळसा फार खोल नसतो. वरची माती, शेतं, घरं, रस्ते सगळं खरवडून काढलं की हाती लागतो. होयर्सडॉर्फखाली सुमारे 5 कोटी टन होता आणि जवळच्या लिपेनडॉर्फ वीजकेंद्राला तो हवा होता. गावात जेमतेम सव्वातीनशे माणसं. तरीही ती वर्षानुवर्षं लढली. 1998 मध्ये सॅक्सनी राज्यानं गाव हटवण्यासाठी खास कायदा केला. 2000 साली राज्याच्या घटना न्यायालयानं तो रद्द केला. 2004 मध्ये नवा कायदा आला आणि नोव्हेंबर 2005 मध्ये त्याच न्यायालयानं तो वैध ठरवला. लढाई तिथे संपली.

एमाउस चर्च मात्र हलवायचं ठरलं. खर्च सुमारे 30 लाख युरो, तो खाणकंपनीनं दिला. दगड सुटे करून पुन्हा रचायचे नव्हते. साडेसातशे वर्षांची इमारत आहे तशी अख्खी उचलायची होती. लांबी साडेचौदा मीटर, रुंदी नऊच्या आसपास, उंची जवळजवळ वीस, वजन साडेसहाशे टनांच्या वर. मला खरी भुरळ पडली ती या कामाची. दगडी भिंत दाब सोसते, ताण सोसत नाही. एक कोपरा बोटभर खचला तरी तिला तडा जातो. म्हणून आधी भिंतींच्या पोकळ्यांत गारा भरला, बाहेरून पोलादी पट्ट्यांनी सगळी इमारत आवळली, खाली काँक्रीटचा पाया घालून ती जुन्या पायापासून सोडवली आणि मग मामुट या डच कंपनीच्या अनेक आसांच्या गाडीवर घेतली. अशा गाडीची प्रत्येक आस हायड्रॉलिक दट्ट्यावर असते. चाक खड्ड्यात गेलं की दट्ट्या लांबतो, उंचवट्यावर चढलं की आखडतो. दट्ट्यांमधलं तेल एकमेकांत फिरतं आणि भार सगळ्या चाकांवर सारखा राहतो. खालचा रस्ता कसाही असो, वरचा तळ सपाटच. ते दगड कुणी रचले त्यांची नावंही उरलेली नाहीत, पण त्यांच्या कामाला इतकं जपणारं यंत्र माणसानं बनवलं, याचा मला मनापासून अभिमान वाटला.

ऑक्टोबर 2007 च्या शेवटच्या आठवड्यात चर्च निघालं, माणसाच्या चालीपेक्षाही सावकाश. वाटेत प्लाइसे आणि व्हीरा या दोन नद्या, शिवाय रेल्वेचे रूळ. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघ्यांची दाटी. 31 ऑक्टोबरला, धर्मसुधारणा दिनी, ते लुथरच्या नावाच्या चौकात आपल्या नव्या जागी पोचलं. वार्टबुर्गहून विटेनबर्गला जाताना 5 मार्च 1522 रोजी लुथरनं सॅक्सनीच्या निर्वाचक राजपुत्राला (इलेक्टरला) आपलं गाजलेलं पत्र लिहिलं ते याच बोर्नातून. चर्चला गाव नवं मिळालं, पण चांगलं मिळालं.

ही गोष्ट इथे संपवता आली असती. पण ताबोर चर्च कुणी उचललं नाही. ते पाडलं. घरं पाडली, गावकरी फ्रोबुर्ग आणि रेगिस-ब्राइटिंगेन अशा ठिकाणी पांगले. पोलादी पट्ट्यांनी दगड आवळता येतात. शेजारपाजार कशानं आवळायचा? गावचं चर्च तिथे बाप्तिस्मा झालेल्या आणि आजूबाजूला पुरलेल्या माणसांमुळे गावचं असतं. बोर्नात ते जपलं जातं, स्वच्छ आहे, प्रेमानं उघडलं जातं. तरी आत बसल्यावर सारखं जाणवत राहतं की इथून बाहेर पडल्यावर दिसायला हवा तो रस्ता इथे नाही. चर्च वाचलं म्हणून होयर्सडॉर्फ वाचलं असं जे म्हणतात, ते मला पटत नाही.

आणि या भागात हे एकट्या होयर्सडॉर्फचं नाही. लाइपझिगच्या दक्षिणेची कितीतरी गावं कोळशानं गिळली. माग्डेबोर्न गेलं. तिथली खाण आता श्टोर्मथाल तलाव झाली आहे आणि गावच्या चर्चची आठवण म्हणून त्या पाण्यावर एक तरंगती इमारत उभारली आहे.

होयर्सडॉर्फजवळचं प्योडेलविट्झही होयर्सडॉर्फ गिळणाऱ्या खाणीच्याच वाटेत होतं. जर्मनीनं 2020 मध्ये कायदा करून उशिरात उशिरा 2038 पर्यंत कोळशाची वीज बंद करायचं ठरवलं आणि 2021 मध्ये कंपनीनं प्योडेलविट्झखालचा कोळसा काढणार नसल्याचं जाहीर केलं. तोवर तिथली बहुतेक कुटुंबं घरं विकून गेली होती. तिथलं मध्ययुगीन चर्च मात्र पहिल्यापासून जिथे होतं तिथेच आहे. लाइपझिगला गेलात तर बोर्नाची वेदी पाहा, एमाउसच्या भिंतीला हात लावा, आणि निघण्याआधी प्योडेलविट्झलाही जाऊन या.