वाकेन, पण मोडणार नाही

ताठ कण्याच्या माणसाबद्दल आपल्याकडे म्हणतात, मोडेन पण वाकणार नाही. माणसाला ते शोभतं. पण आज ज्या वस्तूची गोष्ट सांगणार आहे, तिने असा बाणा धरला तर पहिल्याच उतारावर तिचा निकाल लागेल! तिला दिवसभर वाकायचं असतं आणि दर वेळी पुन्हा सरळ व्हायचं असतं. बर्फावरून घसरायला पायांत अडकवतात ती लांब पट्टी, म्हणजे स्की.

ही स्की घरीही बनवता येते बरं का. अमेरिकेत, कॅनडात, युरोपात बर्फाच्या डोंगरांजवळ राहणारे काही हौशी लोक आपल्या गॅरेजमध्ये स्की बनवतात. गाडी बाहेर थंडीत उभी, आत रंधा चाललेला, जमिनीवर भुशाचा थर. मला या लोकांचा फार हेवा वाटतो. आणि त्यांच्याबद्दल वाचताना मला सारखा आठवतो तो हॉवर्ड हेड.

हेड अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर होता. 1947 साली तो व्हरमाँट राज्यातल्या स्टो गावी पहिल्यांदा स्कीइंग करायला गेला आणि दिवसभर धडपडला. तेव्हाच्या स्की होत्या लाकडाच्या, हिकरी नावाच्या चिवट झाडाच्या. लांबलचक आणि जड. हेडच्या डोक्यात आलं, आपण विमानं ॲल्युमिनियमची बनवतो, मग या पट्ट्या अजून लाकडाच्या का?

झालं. त्याने एक छोटी जागा भाड्याने घेतली आणि कारखान्यातलं काम संपलं की तिथे जाऊन बसू लागला. त्याची युक्ती होती सँडविचची. वर-खाली ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे, मध्ये मधमाशीच्या पोळ्यासारखा पोकळ, हलका प्लॅस्टिकचा गाभा. पण हे सगळं चिकटवायचं कसं? त्याला भरपूर दाब हवा आणि भरपूर उष्णता हवी. यंत्र घ्यायला पैसे नव्हते. मग त्याने स्कीचा साचा एका रबरी पिशवीत घातला आणि जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर उलटा जोडून पिशवीतली हवा ओढून घेतली. आतली हवा गेली की बाहेरची हवा पिशवीला चहूबाजूंनी दाबते. किती दाबते? दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो. दोन मीटर लांब आणि आठ सेंटिमीटर रुंद पट्टीवर हे वजन झालं तब्बल 1600 किलो! उष्णतेसाठी त्याने लोखंडी टाकीत गाड्यांमधून काढलेलं जुनं इंजिन ऑइल भरलं, खाली स्टोव्ह पेटवला आणि ती पिशवी त्या कढत तेलात सोडली. तापमान जवळजवळ 175 अंश सेल्सिअस, म्हणजे आपली पुरी टम्म फुगते साधारण तेवढं. हा माणूस खरोखर स्की तळत होता!

अशा सहा जोड्या तयार झाल्या. तो त्या घेऊन स्टोला गेला आणि तिथल्या स्कीइंग शिकवणाऱ्यांच्या हातात दिल्या. त्यांनी काय केलं असेल? टोक जमिनीवर टेकवलं, मध्ये हात ठेवला आणि दाबलं. काड्‌! एकामागून एक सहाही जोड्या मोडल्या.

हेडचं पुढे काय झालं ते सांगते, पण त्याआधी एक प्रश्न. मुळात सँडविचच का? एकाच लाकडाची जाड फळी का नको?

वहीचे वीसेक कोरे कागद घ्या आणि त्यांच्या लांब पट्ट्या कापा. सगळ्या पट्ट्या एकावर एक ठेवून वाकवा. सहज वाकतात. आता टोकांकडे नीट बघा. कागद एकमेकांवरून सरकलेत आणि टोकाला छोटा जिना झालाय. मग तेच कागद एकमेकांना डिंकाने चिकटवा, वर जड पुस्तकं ठेवा, रात्रभर वाळू द्या आणि सकाळी पुन्हा वाकवून बघा. तेवढेच कागद, पण आता ते सरकू शकत नाहीत. वाकायचं तर वरच्या कागदाला ताणावं लागतं आणि खालच्याला आवळावं लागतं, आणि कागद त्याला सहजी तयार होत नाही. दोन सारख्या पट्ट्या नुसत्या एकमेकींवर ठेवल्या तर ताठपणा दुप्पट होतो. घट्ट चिकटवल्या तर तो आठपट होतो! तीन चिकटवल्या तर 27 पट.

म्हणजे खरी ताकद लागते वरच्या आणि खालच्या कातडीत. मधल्या गाभ्याचं काम एवढंच, की त्या दोघींना एकमेकींपासून लांब धरायचं आणि सरकू द्यायचं नाही. म्हणून गाभा हलका असला तरी चालतो. मात्र तो दगा देणारा नसावा.

हेडचा गाभाच दगा देत होता. 1948 च्या सुरुवातीला त्याने नोकरी सोडली. पत्त्यांच्या डावात जिंकलेले 6000 डॉलर त्याने पलंगाखाली ठेवले होते, ते बाहेर काढले आणि तो पूर्ण वेळ स्कीच्या मागे लागला. नवी जोडी बनवायची, व्हरमाँटमधल्या एका स्की शिक्षकाकडे पाठवायची आणि मोडून परत आली की ती कुठे मोडली ते बघायचं. पुन्हा नवी जोडी, पुन्हा तेच. अशा सुमारे 40 झाल्या. पोळ्याचा गाभा गेला आणि त्याच्या जागी प्लायवूड आलं. बर्फात रुतून धरायला पोलादी कडा आल्या. मग नवाच घोळ झाला. ॲल्युमिनियमच्या तळाला बर्फ चिकटून बसायला लागला!

असं का व्हावं? स्टीलचा डबा आणि प्लॅस्टिकचा डबा शेजारी शेजारी ठेवा आणि दोन्हींना हात लावा. स्टीलचा गार लागतो ना? दोन्हींचं तापमान एकच आहे, पण धातू तुमच्या हाताची ऊब पटकन पळवतो. बर्फावरही तेच होतं. स्की घसरताना घासली जाते, उष्णता तयार होते आणि बर्फ अगदी किंचित वितळून पाण्याचा पापुद्रा तयार होतो. आपण घसरतो ते या पापुद्र्यावरून. बाउडन आणि ह्यूज या दोन शास्त्रज्ञांनी 1939 साली हे दाखवून दिलं होतं. त्यांनी आल्प्स पर्वतात जाऊन प्रयोग केले, तेव्हा धातूची पट्टी कडक रबराच्या पट्टीपेक्षा जास्त अडखळली होती, कारण धातू ती मोलाची उष्णता वाहून नेतो. हेडने तळाला प्लॅस्टिकचा थर दिला आणि त्याची अडचण मिटली. 1950 साली न्यू हॅम्पशरमधल्या टकरमन रॅव्हिनच्या उभ्या उतारावर क्लिफ टेलर नावाचा पटाईत माणूस ही स्की घालून खाली आला, झोकदार वळणं घेत, आणि स्की शाबूत! पुढे लोक त्या स्कीला ‘चीटर’ म्हणजे लबाड म्हणू लागले, कारण तिच्यावर वळणं घेणं फारच सोपं जायचं.

वळण हा तर माझा सगळ्यात आवडता भाग आहे. आजची स्की वरून बघितली की ती टोकांना रुंद आणि मध्ये बारीक दिसते. तिला चक्क कंबर असते! ती शोभेसाठी नाही. पोस्टकार्डासारखा जाड कागद घ्या आणि त्याच्या एका लांब कडेला मध्यभागी अर्धा सेंटिमीटर आत जाईल अशी हलकी गोलाई कापा. ती कड टेबलावर टेकवा. फक्त दोन टोकं टेकतील आणि मध्ये फट राहील. आता कागद तिरका करा आणि मधोमध बोटाने दाबा, फट बंद होईपर्यंत. बघा, कागद वाकला आणि कडेने टेबलावर वर्तुळाचा तुकडा तयार झाला! हा लेख लिहितानाही मी हे तीनदा करून पाहिलं, आणि तिन्ही वेळा तेवढीच मजा आली.

स्की करते तेही हेच. माणूस कडेवर झुकला की त्याच्या वजनाने स्की वाकते आणि वर्तुळावरून धावू लागते. बर्फाला टेकणारी कड 160 सेंटिमीटर लांब असेल आणि कंबर दोन्ही बाजूंनी पावणेदोन सेंटिमीटर आत असेल, तर त्या वर्तुळाची त्रिज्या येते सुमारे 18 मीटर. आणि स्की 60 अंश कलली की तीच त्रिज्या निम्मी होते, 9 मीटर. पावणेदोन सेंटिमीटर म्हणजे आपल्या बोटाच्या रुंदीएवढं! गॅरेजमधला माणूस पेन्सिलीने ती कंबर आखतो, तेव्हा डोंगरावरची आपली वळणंच तो कागदावर आखत असतो.

आणि त्याचं सँडविचही हेडच्या सँडविचचंच नातेवाईक आहे. तळाला गुळगुळीत प्लॅस्टिकची पट्टी आणि तिच्या कडेला वाकवून बसवलेली पोलादी धार. वर काचेच्या धाग्यांचं कापड, मग लाकडाचा गाभा, पुन्हा कापड आणि सगळ्यात वर प्लॅस्टिकचा रंगीत पापुद्रा, ज्यावर तो आपल्या मुलीने काढलेलं चित्रही छापू शकतो. गाभ्याला रंधा मारणं मोठं नाजूक काम. मध्ये साधारण 11-12 मिलिमीटर जाडी आणि टोकांकडे उतरत उतरत 2 मिलिमीटर. इथे रंधा जास्त फिरला तर स्की लुळी होते, कमी फिरला तर हट्टी.

चिकटवायला एपॉक्सी वापरतात. घरी अराल्डाइटच्या दोन नळ्या बघितल्यात ना? दोन्हींतलं एकत्र कालवलं की थोड्या वेळाने दगड होतो. तेही एपॉक्सीच. एकदा कालवलं की घड्याळ सुरू. हातात मोजे चढवून, दार उघडं ठेवून, सगळे थर भराभर लावायचे आणि सँडविच दाबयंत्रात सरकवायचं. हे दाबयंत्र फार झकास असतं. भक्कम लोखंडी चौकटीत आग विझवणाऱ्या बंबाचा चपटा होज बसवतात आणि त्यात हवा भरतात. होज फुगू बघतो, चौकट त्याला फुगू देत नाही, मग तो सगळा जोर स्कीवर काढतो. दर चौरस सेंटिमीटरला तीन किलो दाब धरला तरी एका स्कीवर जवळजवळ पाच टन होतात. एक अख्खा हत्ती! खालचा साचा मध्ये किंचित उंच असतो, त्यामुळे स्कीला धनुष्यासारखी हलकी कमान येते.

एपॉक्सी घट्ट झालं की हवा सोडतात. बाहेर येते ती वेडीवाकडी, कडांना एपॉक्सीचे ओघळ सुकलेली एक पट्टी. करवतीने जादा भाग कापतात, कानस मारतात, धार लावतात, तळाला मेण घासतात.

आणि मग तो माणूस गॅरेजच्या मधोमध उभा राहतो. स्कीचं टोक जमिनीवर टेकवतो, मध्ये हात ठेवतो, श्वास रोखतो आणि दाबतो. स्की वाकते. आणखी दाबतो. आणखी वाकते. त्याचे कान त्या एका आवाजाकडे लागलेले असतात. मग तो हात काढतो, आणि ती सर्रकन सरळ होते.